जनुक पडलं, धक्के उरले

एम.एस्सी.ला असताना कॅस्पी आणि सहकाऱ्यांचा २००३चा पेपर आम्ही अगदी भारावून वाचला होता. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनची ८४७ तरुण मंडळी. २१ ते २६ या वयात नोकरी, पैसा, घर, आजारपण, नातेसंबंध यांत कोणाला किती धक्के बसले, याची नोंद. निष्कर्ष असा: सेरोटोनिन-वाहक जनुकाचं आखूड रूप असेल, तर अशा धक्क्यांनंतर नैराश्याचा धोका जास्त.

मांडणी देखणी होती, पण टिकली नाही. २००९मध्ये रिश आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतल्या १४,२५० जणांची आकडेवारी एकत्र तपासली. जनुकाचा परिणाम दिसला नाही. ना एकट्याचा, ना धक्क्यांच्या जोडीने. धक्के आणि नैराश्य यांचा संबंध मात्र ठळक दिसला.

आमच्या जर्नल क्लबमध्ये चर्चा ‘जनुक पडलं’ इथेच संपली. माझा आक्षेप त्याला आहे. धक्क्यांमुळे नैराश्य की नैराश्यामुळे नोकरी जाते, हा प्रश्न उरतोच. पण जे टिकलं, त्याकडे बघायला नको का? ‘घरात आधी कोणाला होतं का?’ असं विचारतो, तसं ‘नोकरीचं, पैशाचं कसं चाललंय?’ हेही विचारायला हवं.