कॉर्बेटचा तराजू

जिम कॉर्बेटच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) या पुस्तकातील कथा मी वर्गात नेहमी सांगतो. यंदा चंपावतच्या वाघिणीची कथा संपली आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला : “गुरुजी, वाघ वाचवायचे म्हणता, मग हिला का मारले?”

उत्तर पुस्तकातच आहे. १९०७ साली मारलेल्या या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी होते. पण ती पडल्यावर कॉर्बेट तिचे तोंड उघडून पाहतो. उजवीकडचे वरचा व खालचा सुळा जुन्या गोळीने मोडलेले! शिकार साधेना, म्हणून ती माणसावर आली. दोष या एकीचा, आणि त्याआधी बंदुकीचा. वाघाच्या जातीचा नव्हे. हा निवाडा कॉर्बेट फार सचोटीने देतो. पुस्तकाचे मोठेपण मला येथे वाटते.

परंतु त्याच पुस्तकातील पवलगढच्या ‘बॅचलर’पाशी मी अडतो. हा वाघ नरभक्षक नव्हता. त्याच्या थोराड देहासाठी शिकारी दहा वर्षे त्याच्या मागावर होते. १९३० साली कॉर्बेटनेच त्याला टिपले. कथा रंगते खरी. पण येथे दुसऱ्या पारड्यात माणसांचे जीव नाहीत, नुसती हौस आहे. जात शिल्लक आहे म्हणून एकाचे मोल कमी धरावे काय? जात तरी अशा एकेकाचीच ना?

दिवाळीच्या सुट्टीत हे पुस्तक घरी मोठ्याने वाचावे. मात्र त्या मुलाचा प्रश्न ‘बॅचलर’च्या कथेलाही विचारावा.