गळ, आमिष आणि एका मिनिटाचा धडा

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत शिक्षकांसाठी सायबर सुरक्षेचे ऑनलाइन प्रशिक्षण झाले. पाऊण तासाची चित्रफीत, तिच्यानंतर वीस वस्तुनिष्ठ प्रश्न आणि शेवटी प्रमाणपत्र. आधी बसलेल्यांनी नंतर बसणाऱ्यांना उत्तरे सांगितली, त्यामुळे सर्वांनाच वीसपैकी वीस गुण मिळाले. त्यानंतर महिन्याभरातच आमच्या एका सहकाऱ्यांनी ‘वेतन फरकाची यादी’ अशा मथळ्याच्या ई-मेलमधील लिंक उघडली आणि समोर आलेल्या पानावर आपला पासवर्ड भरला. चूक लक्षात आल्यावरही दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “प्रमाणपत्र घेतलेला माणूस मी. सांगू कोणत्या तोंडाने?”

या उत्तरामुळे एक प्रश्न मनात राहिला. ज्या प्रशिक्षणाने चूक टळत नाही आणि झालेली चूक लपवावीशी मात्र वाटते, त्याला शिक्षण म्हणायचे का? या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत मोठे, काटेकोर प्रयोग झाले आहेत. संगणकतज्ज्ञांनी केलेले हे संशोधन खरे तर आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, विषयातले आहे. म्हणून त्यातील तीन शोधनिबंधांचे येथे शिक्षकाच्या नजरेने परीक्षण करायचे आहे.

प्रथम फिशिंग म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. खऱ्यासारखा दिसणारा खोटा निरोप पाठवून माणसाकडून पासवर्ड, ओटीपी किंवा पैसे काढून घेणे म्हणजे फिशिंग. निरोप हे आमिष, लिंक हा गळ. पूर्वी पासवर्ड गेला तर एखाद-दुसरी ई-मेलपेटी जात असे. आता क्लाउडमुळे, म्हणजे आपली माहिती दूरवरच्या कंपनीच्या संगणकांवर ठेवण्याच्या सोयीमुळे, एकाच पासवर्डाच्या मागे प्रश्नपत्रिका, गुणपत्रके, मुलांचे फोटो आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक असे सगळेच असते. तेव्हा हा प्रश्न एकट्या शिक्षकाच्या नुकसानीचा राहिलेला नाही.

पहिला शोधनिबंध 2009 सालचा, अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाचा आहे. त्याचे प्रमुख लेखक पोन्नुरंगम कुमारगुरू हे भारतीय संशोधक. त्यांची कल्पना शिक्षणशास्त्राला धरून होती. माणूस चुकतो त्याच क्षणी त्याला शिकवले, तर ते त्याच्या लक्षात राहील. म्हणून त्यांनी विद्यापीठातील 515 जणांना लुटुपुटीचे फसवे ई-मेल पाठवले. ज्याने लिंक दाबली त्याच्यासमोर, तो शिकवण्यासाठी निवडलेल्या गटांत असेल तर, एक छोटी चित्रकथा येई. असे शिकलेले लोक 28 दिवसांनंतरही इतरांपेक्षा कमी फसले. या उत्साहवर्धक निष्कर्षानंतर ही पद्धत सर्वत्र पसरली. आज जगभर अनेक कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना असेच खोटे गळ टाकून ‘शिकवतात’.

दुसरा शोधनिबंध 2022 सालचा, झुरिक येथील ईटीएच या तंत्रविद्यापीठातील डॅनिएल लाइन, कारी कोस्टियाइनेन आणि स्रजान चापकुन यांचा आहे. त्यांनी एका मोठ्या कंपनीतील 14,000 हून अधिक कर्मचाऱ्यांवर तब्बल 15 महिने प्रयोग चालवला. या काळात जवळपास एक तृतीयांश लोकांनी निदान एकदा तरी फसवी लिंक किंवा जोडपत्र उघडले. धक्का देणारा निष्कर्ष पुढेच आहे. चुकल्यावर ज्यांना धड्याचे पान दाखवले गेले, ते नंतर कमी फसण्याऐवजी अधिकच फसले. आपण आता सुरक्षित आहोत, आपली काळजी घेणारे कोणीतरी आहे, अशी खोटी निश्चिंती त्यातून आली असावी, असे एक संभाव्य कारण संशोधक देतात.

तिसरा शोधनिबंध 2025 सालचा. ग्रँट हो आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील आरोग्यसेवेतील 19,500 हून अधिक कर्मचाऱ्यांना आठ महिन्यांत दहा वेळा लुटुपुटीचे गळ टाकले. कर्मचाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडले होते. एका गटाला चुकल्यावर काहीच शिकवले नाही, फक्त ‘पान सापडत नाही’ एवढेच दाखवले. बाकीच्या गटांना वेगवेगळ्या तऱ्हेचे धडे दिले. शिकवलेल्यांचे फसण्याचे प्रमाण न शिकवलेल्यांपेक्षा सरासरी अवघ्या 1.7 टक्क्यांनी कमी निघाले. वर्षातून एकदा होणारे सक्तीचे प्रशिक्षण कोणी नुकतेच घेतले होते, कोणी फार पूर्वी. त्याचा फसण्या-न फसण्याशी काही संबंध आढळला नाही. पहिल्या महिन्यात फसलेले सुमारे 10 टक्के होते. आठव्या महिन्याअखेर निम्म्याहून अधिक लोक एकदा तरी फसलेले होते.

आता परीक्षणाकडे वळू. सॅन डिएगोच्या प्रयोगाचे मोठे बळ म्हणजे त्यातील तुलनेचा गट. ‘प्रशिक्षण दिले आणि सुधारणा झाली’ असे अहवाल आपण शिक्षणखात्यात पुष्कळ वाचतो. प्रशिक्षण दिले नसते तर काय झाले असते, हे मात्र त्यांत कोठेच नसते. इथे ते आहे, आणि म्हणूनच 1.7 हा आकडा एवढा बोलका आहे. शिवाय संशोधकांनी आणखी एक गोष्ट मोजली. तीन चतुर्थांश लोक धड्याच्या पानावर एक मिनिट किंवा त्याहून कमी वेळ थांबले, तर एक तृतीयांश लोकांनी ते पान आल्याबरोबर बंद केले. म्हणजे धडा वाया गेला असे म्हणण्यापेक्षा, धडा झालाच नाही असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

यातूनच पहिला आक्षेप निघतो. हे निष्कर्ष वाचून काही जण ‘माणसांना शिकवून उपयोग नाही’ असे म्हणू लागले आहेत. प्रयोगातून हे सिद्ध होत नाही. तपासले गेले ते एका मिनिटाचे पान आणि वार्षिक सोपस्कार. वर्गात महिनाभर पृथक्करण करून, प्रश्न विचारून शिकवले तर काय होते, हे या प्रयोगांनी पाहिलेलेच नाही. वहीवर लाल शाईने ‘चूक’ लिहून पान उलटले आणि मुलगा सुधारला नाही, तर दोष गणित शिकवण्याचा नसतो.

दुसरा आक्षेप मोजमापाविषयी आहे. पासवर्ड बदला असे सांगणाऱ्या ई-मेलला सॅन डिएगोत केवळ 1.82 टक्के लोक फसले. रजेच्या धोरणात बदल झाल्याचे सांगणाऱ्या ई-मेलला मात्र 30.8 टक्के. माणसे तीच, फरक जवळजवळ सतरापट. म्हणजे ‘किती टक्के फसले’ या आकड्यातून माणसाच्या ज्ञानापेक्षा आमिषाची गोडी अधिक मोजली जाते. आपल्याकडे ‘वेतन फरकाची यादी’ पाठवा, प्रमाण काय येईल ते सांगायला नको. कठीण प्रश्नपत्रिका काढून वर्ग नापास करता येतो, सोपी काढून पास करता येतो. एवढ्यावरून शिकवण्याची प्रत ठरवणे धोक्याचे.

तिसरा आक्षेप अशा निष्कर्षांच्या वापराविषयी. संवादी, म्हणजे प्रश्नोत्तरे असलेला, धडा ज्यांनी पूर्ण केला ते पुढे फसण्याची शक्यता 19 टक्क्यांनी कमी होती, असेही या निबंधात आहे. प्रशिक्षण विकणारे हा आकडा उचलून धरतील. पण धडा पूर्ण करणारे मुळातच अधिक सावध असतील, हे संशोधकांनाही मान्य आहे. शिकवणीला जाणारी मुले पुढे असतात म्हणून शिकवणीमुळेच ती पुढे गेली असे आपण म्हणत नाही, तसेच हे.

पिट्सबर्गच्या निबंधाकडेही आता नव्याने पाहायला हवे. तो चुकीचा नव्हता, फक्त लहान होता. चांगल्या बनवलेल्या धड्याने, नव्या अनुभवाच्या कुतूहलात, 28 दिवस परिणाम दिसला. त्याच पद्धतीचा कारखाना झाला, रोजचा कंटाळा झाला, तेव्हा परिणाम विरला. शाळेतल्या कितीतरी ‘उपक्रमां’चा इतिहास असाच आहे.

या सगळ्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने आणखी एक आधार काढून घेतला आहे. शुद्धलेखनाच्या चुका, विचित्र भाषा दिसली की ई-मेल खोटा समजा, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. 2024 साली हार्वर्डमधील फ्रेड हायडिंग आणि सहकाऱ्यांनी 101 जणांवर एक प्रयोग केला. नेहमीच्या ठोकळेबाज फसव्या ई-मेलला 12 टक्के लोक फसले, यंत्राने माणसाची माहिती शोधून आपणच लिहिलेल्या ई-मेलला 54 टक्के. निष्णात माणसांनी लिहिलेल्या ई-मेललाही तेवढेच. प्रयोग लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. भाषा शुद्ध आहे म्हणून निरोप खरा, असे शिकवणे आता हानिकारक ठरेल.

मग वर्गात शिकवायचे काय? या संशोधनातून तीन गोष्टी निघतात, असे मला वाटते.

पहिली, घोषवाक्याऐवजी रचना शिकवावी. ‘अनोळखी लिंक उघडू नका’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण फसवी लिंक ओळखीचीच दिसते. त्याऐवजी संकेतस्थळाचा पत्ता वाचायला शिकवा. टपालाच्या पत्त्यात आधी घर, मग गाव, मग तालुका आणि शेवटी जिल्हा येतो. ‘सातारा चौक, जि. लातूर’ असे लिहिलेले असले, तर आपण साताऱ्याची एसटी पकडत नाही. संकेतस्थळाचेही तसेच आहे. पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा पत्ता घ्यावा आणि तो शेवटाकडून वाचावा. ‘निकाल.आमचीशाळा.भारत’ हा पत्ता आमची शाळा या नावाच्या मालकाचा. ‘आमचीशाळा.निकाल.भारत’ हा मात्र निकाल या नावाच्या मालकाचा, त्यात शाळेचे नाव कोणीही घालू शकतो. (काही पत्त्यांत शेवटचे दोनऐवजी तीन भाग पाहावे लागतात, हेही सांगावे.) आठवीच्या मुलांना असे दहा पत्ते देऊन मालक ओळखायला सांगा. त्यांना हे कोड्यासारखे आवडते. मग त्यांनाच फसवे पत्ते तयार करून एकमेकांना घालायला सांगा.

दुसरी, सांगण्याची सवय लावावी. झुरिकच्या प्रयोगातील हा भाग धक्कादायक निष्कर्षाच्या सावलीत झाकला गेला, पण माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. तेथे कर्मचाऱ्यांना संशयास्पद ई-मेल कळवण्यासाठी एक बटण दिले होते. एकेकट्या माणसाचा अंदाज चुकतो, पण हजारो जणांपैकी काही जण लवकर कळवतात आणि त्यामुळे बाकीच्यांना वेळीच वाचवता येते, असे त्यांना आढळले. पंधरा महिन्यांत लोक कळवायला कंटाळलेही नाहीत. आपल्याकडे पैशांची फसवणूक झाल्यास 1930 हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि तेथेही जितके लवकर कळवावे तितकी रक्कम अडवण्याची शक्यता अधिक. पण लाज वाटली की माणूस कळवत नाही. 2020 च्या डिसेंबरात अमेरिकेतील गोडॅडी या कंपनीने सणाच्या बक्षिसाचे खोटे ई-मेल पाठवून कर्मचाऱ्यांची परीक्षा घेतली आणि फसलेल्या सुमारे 500 जणांना पुन्हा प्रशिक्षण घ्यायला सांगितले. नंतर कंपनीला माफी मागावी लागली. अशा परीक्षेतून लोक एकच गोष्ट शिकतात, आपल्याच माणसांवर अविश्वास.

तिसरी, जे कुलपाचे काम आहे ते माणसावर टाकू नये. गुगल कंपनीने 2017 च्या सुरुवातीपासून कर्मचाऱ्यांना एक छोटी भौतिक किल्ली सक्तीची केली. ही किल्ली ज्या पत्त्यावर नोंदवली त्याच पत्त्याला उत्तर देते. खोट्या पानापुढे ती गप्प राहते, मग समोरचा माणूस कितीही फसलेला असो. त्यानंतर 85,000 हून अधिक कर्मचाऱ्यांपैकी कोणाचेही कामाचे खाते फिशिंगने गेले नाही, असे कंपनीने 2018 मध्ये सांगितले. ‘पासकी’ या नावाने तीच सोय आता साध्या मोबाइलवरही मिळते. शाळेच्या क्लाउड खात्यांना ती लावणे हे वीस प्रश्नांच्या चाचणीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे. अर्थात फोनवरून घाबरवून माणसाकडूनच पैसे पाठवून घेणाऱ्यापुढे हे कुलूपही चालत नाही. तेथे पुन्हा दुसऱ्या मुद्द्याकडे, कोणाला तरी विचारण्या-सांगण्याकडे, यावे लागते.

आमच्या त्या सहकाऱ्यांनी दोन दिवसांऐवजी दोन मिनिटांत सांगितले असते, तर पासवर्ड लगेच बदलता आला असता. ते सांगू शकले नाहीत यात दोष त्यांच्यापेक्षा आमच्या शिक्षकखोलीचा अधिक होता. उद्या वर्गातले एखादे मूल खाली मान घालून आपल्याकडे येईल आणि म्हणेल, “बाई, माझ्याकडून काहीतरी दाबले गेले.” त्या वेळी “तुला किती वेळा सांगितले होते?” हे वाक्य आपण गिळले पाहिजे. “सांगितलेस ते फार बरे केलेस, बस, आपण बघू,” हे पहिले वाक्य हवे. पुढचा धडा त्यानंतरच सुरू होऊ शकतो.