पोग्याच्या तळाशी

रावेरपासून यावलपर्यंत, वर सातपुडा आणि खाली तापी अशा काळ्या मातीच्या पट्ट्यात केळीच्या बागा पसरल्या आहेत. त्यांत शिरले की आपली नजर आपोआप घडाकडे जाते, कमळाकडे जाते, पानांच्या छतातून गळणाऱ्या उजेडाकडे जाते. आज ती मधल्या पोग्यावर थोडी थांबवू या. गुंडाळी घट्ट, टोक निमुळते, रंग अजून पिवळटच. आठवड्याभरात तो उलगडेल आणि त्याच्या पोटातून दुसरा पोगा डोके वर काढेल. वाढ वर दिसते, पण तिचा उगम वर नाही. आपण ज्याला केळीचे खोड म्हणतो ते पानांच्या तळांचे एकमेकांभोवती आवळलेले पदर आहेत, लाकूड त्यात नावालाही नाही, आणि म्हणूनच मे-जूनच्या वादळात उभी बाग तासाभरात आडवी होते. खरे खोड जमिनीत आहे, कंदाच्या रूपाने. त्या कंदाच्या माथ्यावर, साऱ्या पदरांच्या गाभ्यात, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा पेशींचा एक घुमट असतो. प्रत्येक पान तिथून निघते आणि शेवटी घडही तिथूनच निघतो. शास्त्राच्या भाषेत ही विभाजी ऊती. हा घुमट एखाद्या कवितेसारखा सावकाश वाचावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

वाचनाची सुरुवात फळापासून करू. पिकल्या केळ्याची आडवी चकती कापली की मध्याशी तीन कप्प्यांच्या पुसट खुणा दिसतात आणि त्यांत बारीक काळसर ठिपके. बिया व्हायच्या राहून गेलेली ही बीजांडे. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही खानदेशातली सारी लाडकी वाणे कॅव्हेंडिश कुळातली, आणि या कुळाच्या प्रत्येक पेशीत तेहेतीस गुणसूत्रे असतात: अकराचे तीन संच. बीज घडवणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्रांना जोडीदार शोधून समोरासमोर उभे राहावे लागते. तिघांत जोडी नीट लागत नाही आणि बीजाची वाट तिथेच खुंटते. उरते ते साधे सूत्री विभाजन, एका पेशीच्या दोन हुबेहूब पेशी करणारे. म्हणजे तांदलवाडीच्या बागेत आज उलगडणारा पोगा आणि शंभर वर्षांपूर्वी त्याच्या कुळात उलगडलेला पोगा यांच्यामध्ये विभाजनांची एक अखंड साखळी आहे. मधे कुठे परागाचा स्पर्श नाही, बीजाची विश्रांती नाही. या एकरूपतेची किंमतही मोठी आहे. एका झाडाला जो रोग गाठतो तो सगळ्यांना गाठू शकतो, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला पनामा रोगाने ग्रो मिशेल या वाणाला जगाच्या व्यापारातून असेच उठवले. तरीही, इतक्या पिढ्यांची इतकी निष्ठावान नक्कल होते तरी कशी, हे कुतूहल काही शमत नाही.

त्यासाठी पेशीच्या आत शिरावे लागेल. केळीच्या गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे बावन्न कोटी अक्षरे आहेत, हे २०१२ साली जनुकसंच वाचून झाला तेव्हा उमगले. तीन संच धरून हिशेब केला तर एकेका पेशीत सुमारे अर्धा मीटर लांबीचा डीएनए भरतो, आणि तो ज्या केंद्रकात मावतो ते केसाच्या जाडीच्याही काही अंशांएवढेच. विभाजनाआधी या अर्ध्या मीटरची अक्षर न अक्षर नक्कल व्हावी लागते. महाविद्यालयात कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्यांना आठवेल: साक्री-पिंपळनेरचा कांदा असो वा आणखी कुठला, काचपट्टीवरच्या बहुतेक पेशी निवांत दिसतात, विभागताना सापडते ती एखाददुसरी. विद्यार्थ्याची नजर त्या एखाददुसरीला शोधत असते, आणि मला मात्र तिच्या शेजारच्या, काहीच न करणाऱ्या भासणाऱ्या पेशीत अधिक रस वाटतो. ती वाढते आहे, नक्कल करते आहे, केलेली नक्कल तपासते आहे, चुकले असेल तर दुरुस्तीपुरती थांबते आहे. विभाजनाच्या या काव्यातला खरा रस, माझ्या मते, अशा थांबण्यांत आहे.

या थांबण्यांतली एक तयारी तर फारच देखणी. वनस्पतीच्या पेशीला भोवती ताठ भिंत असते, त्यामुळे ती प्राण्याच्या पेशीसारखी बाहेरून आवळत जाऊन दुभंगू शकत नाही. नवी भिंत मधोमध उगवून कडेकडे सरकते. पण ही भिंत कुठे टेकायची, हे विभाजन सुरू होण्याआधीच ठरलेले असते. गुणसूत्रे अजून सुटसुटीत झालेली नसतानाच पेशीच्या आतल्या कडेने सूक्ष्मनलिकांचे एक कडे तयार होते आणि काही वेळाने विरूनही जाते. पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट या दोघांनी १९६६ साली ते प्रथम टिपले. पुढे गुणसूत्रे वेगळी होतात, मध्यातून भिंत सरकत येते आणि नेमकी त्या विरलेल्या कड्याच्याच जागी येऊन टेकते. वाटणीच्या आदल्या दिवशी शेतात बांधाची रेघ आखावी, रात्रीच्या पावसाने ती पुसून जावी आणि सकाळी बांध मात्र तिथेच पडावा, तसे हे आहे. कड्याची ती आठवण पेशी कशी जपते, याचे धागे आता एकेक करून हाती येत आहेत.

कडे विरल्यानंतर आणि भिंत येण्याआधी येते मध्यावस्था. तेहेतीस गुणसूत्रे, प्रत्येक आपल्या जुळ्याला चिकटलेले, पेशीच्या मध्यरेषेवर येऊन उभी राहतात. दोन्ही ध्रुवांकडून आलेले तर्कुतंतू प्रत्येकाच्या गुणसूत्रबिंदूला दोन बाजूंनी धरतात. बत्तीस नीट धरली गेली आणि एक राहिले, तर ते राहिलेले एक गुणसूत्र सगळ्यांना थांबवून ठेवते. त्याच्या मोकळ्या बिंदूवरून ‘अजून नाही’ असा रासायनिक संदेश पेशीभर पाझरत राहतो. शेवटचा तंतू जुळला की संदेश थांबतो, जुळ्यांना बांधणारी प्रथिनांची कडी कापली जाते, आणि सहासष्ट सूत्रे एकाच वेळी दोन दिशांना निघतात. त्या एकाच वेळी निघण्यामागे एका मागे राहिलेल्यासाठी साऱ्यांनी पत्करलेला खोळंबा आहे, आणि कितीदा वाचले तरी त्याचे नवल माझ्यापुरते ओसरत नाही.

हे सुरू कोण करते आणि संपवते कोण? १९८२च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत टिम हंट सी-अर्चिनच्या फलित अंड्यांतली प्रथिने पाहत होते. एक प्रथिन हळूहळू साठत जाई आणि अंडे विभागण्याच्या सुमारास एकाएकी नाहीसे होई. पुन्हा साठे, पुन्हा नाहीसे होई. हेच सायक्लिन. ते आपल्या जोडीदार विकराला जागे करते, त्या जोडीने पेशी विभाजनात उतरते, आणि विभाजनातून बाहेर पडायचे तर त्या सायक्लिनचाच नाश करावा लागतो. जुळ्या सूत्रांची कडी ज्या यंत्रणेच्या इशाऱ्याने तुटते, तीच सायक्लिनच्याही विनाशाची खूण उमटवते: निरोप आणि समाप्ती एकाच हाताने. जोडीदार विकराचा माग पॉल नर्स यांनी एका यीस्टमध्ये काढला, आणि १९८७ साली त्यांच्या प्रयोगशाळेत दिसले की यीस्टमधले त्या विकराचे जनुक बिघडले असता त्याच्या जागी माणसाचे जनुक घातले तरी यीस्ट सुखाने विभागत राहते. नर्स, हंट आणि लीलंड हार्टवेल यांना २००१चे नोबेल मिळाले. केळीच्या घुमटातही त्याच विकराचा सख्खा नातलग काम करतो. यीस्ट, केळ आणि केळ खाणारे आपण, तिघांनी ही एक ओळ कोट्यवधी वर्षे जशीच्या तशी पाठ ठेवली आहे.

जळगावच्या जैन इरिगेशनने १९९०च्या दशकात ग्रँड नैनची टिश्यू कल्चरची रोपे खानदेशात रुजवली, तेव्हा ही ओळ माणसाच्या हाती आली. निरोगी झाडाच्या बुडाशी फुटलेला मुनवा घ्यायचा, त्याचे पदर एकामागून एक सोलून गाभ्यातला घुमट उघडा करायचा, निर्जंतुक करून काचेच्या बाटलीतल्या आगरवर ठेवायचा. आगरमधली क्षारांची कृती विस्कॉन्सिनच्या मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशी वाढवताना बसवलेली. तीत सायटोकायनिन थोडे अधिक असले की घुमटाशेजारी कोंबांचे झुबके फुटतात. ऑक्झिनचे पारडे जड केले की त्याच कोंबांना मुळे येतात. या दोन संप्रेरकांच्या प्रमाणातला हा खेळ स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी १९५७ साली उलगडला. त्यातले पहिले सायटोकायनिन, कायनेटिन, मिलर यांना त्याआधी दोन वर्षे सापडले होते ते हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या डीएनएत, आणि तेही फडताळात जुन्या झालेल्या बाटलीतल्या. ताज्या डीएनएने काहीच होईना, तो प्रेशरखाली उकळला तेव्हा कुठे गुण आला. तंबाखूच्या पेशीला मासळीच्या उकळलेल्या डीएनएतून विभाजनाची अनुज्ञा मिळावी, हा योग मला मोठा रम्य वाटतो.

अनुज्ञेलाही मर्यादा हवी, हे या प्रयोगशाळांना चांगले ठाऊक असते. कोंबांचे झुबके सोडवून पुन्हा नव्या बाटलीत, पुन्हा नव्या बाटलीत असे करता करता सातआठ फेऱ्यांनंतर तो कुळाचा धागा थांबवतात आणि नवा मुनवा घेतात. कारण घाईने विभागणाऱ्या पेशींत चुका साठत जातात, आणि मग शेतात खुजी झाडे, चट्ट्यापट्ट्यांची पाने, बिघडलेले घड दिसू लागतात. मुद्दाम घडवलेल्या थांबण्याचे औषधही जवळच आहे. पावसाळ्यात सातपुड्याच्या उतारांवर कळलावी फुलते, पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारखी. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असते, जिवाला घातक. हे द्रव्य तर्कुतंतूच उभे राहू देत नाही. गुणसूत्रे मध्यरेषेची वाट पाहत तिष्ठतात, आणि पेशी कंटाळून न विभागताच पुढे सरकली तर तिची गुणसूत्रे दुप्पट होतात. बिनबियांचे कलिंगड घडवणाऱ्या संशोधकांनी ही दुप्पट झालेली झाडे साध्या झाडांशी संकरून तीन संचांचे फळ मिळवले. केळीला निसर्गात जे लाभले, ते कलिंगडाला कोल्चिसीनने दिले.

आणि थांबण्याची परमावधी पाहायची तर केळीचा पट्टा ओलांडून कपाशीच्या शेतात जायला हवे: धरणगाव, अमळनेर, शिरपूर, धुळे. कपाशीचे फूल ज्या दिवशी उमलते, त्याच दिवशी आतल्या बीजांडांच्या सालीवरच्या काही पेशी बाहेर डोकावू लागतात. या पेशी आता विभागणार नाहीत. त्या नुसत्या लांब होत जातात, सुमारे तीन आठवडे. मग आतून सेल्युलोजचे थर लिंपतात आणि बोंड फुटेपर्यंत आपला जीव त्यागतात. उरते पोकळ नळी, ती सुकताना चपटी होऊन पीळ घेते, आणि तो पीळच सुताला सूत धरून ठेवतो. सरकीवरचा एकेक धागा म्हणजे एकेक पेशी: जाडी पंधरा-वीस मायक्रोमीटर, लांबी तिच्या दीड हजार पट. जिनिंगच्या आवारात व्यापारी चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढतो, धागे सरळ करतो, डोळ्यांजवळ नेतो. अठ्ठावीस मिलिमीटर, एकोणतीस, तीस. त्या चिमटीत तो एकेका पेशीची लांबी जोखत असतो, आणि क्विंटलचा भाव तिच्यावर ठरतो.