श्यामच्या आईची घरशाळा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणारी कुटुंबे अलीकडे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळू लागली आहेत. संख्येने ती थोडी असली तरी बहुश्रुत आहेत, आणि आपल्या पक्षाचे मंडन करताना त्यांपैकी काहींच्या तोंडून माँटेसरीबाईंच्या जोडीने साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकाचे नाव निघालेले आम्ही ऐकले आहे. घर हीच शाळा व आई हीच गुरू, याला याहून मोठा दाखला मराठीत कोणता, असा त्यांचा सवाल असतो. हा दाखला त्यांच्या बाजूने खरोखर किती बोलतो, हे पाहण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

गुरुजी जन्माने कोकणातील पालगडचे, पण शिक्षक झाले ते आमच्या खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात. १९३० साली सत्याग्रहासाठी ती नोकरी सोडून ते तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली, ती उतरून घेणारी लेखणी गुरुजींचीच होती. आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. या पुस्तकाला अश्रूंचे पुस्तक म्हणण्याचा प्रघात पडला आहे. अत्र्यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाने तो अधिकच दृढ केला. डोळे पाण्याने भरले की अक्षरे नीट दिसत नाहीत, तसे या पुस्तकाचे झाले आहे. त्यातील बेचाळीस रात्री एकदा कोरड्या डोळ्यांनी वाचाव्यात, म्हणजे त्यांपैकी कितीतरी रात्री हाताने करावयाच्या कामाविषयी आहेत, हे ध्यानी येईल.

पत्रावळीची रात्र घ्या. पाने जुळवावयाची, चोयांनी टाचावयाची, आणि त्यावरच जेवावयाचे. पत्रावळ नीट साधली नाही तर आमटी जमिनीवर वाहणार. परीक्षक निराळा नको. 'मुकी फुले' या रात्री कळ्या खुडून आणणाऱ्या श्यामला आई जे समजावते, त्यात वनस्पतिशास्त्र थोडे व न्याय पुष्कळ आहे. पोहण्याच्या रात्री तर ती लपून बसलेल्या मुलाला मारून विहिरीकडे धाडते. आजच्या बालसंगोपनाच्या पुस्तकांना हे रुचणार नाही, आणि मारण्याचे समर्थन आम्हीही करीत नाही. परंतु आपल्या मुलाला चारचौघांनी भित्रा म्हणावे हे त्या माउलीला सोसत नव्हते, एवढे तरी टीकाकाराने ओळखावयास हवे. या साऱ्या प्रसंगांत एक गोष्ट समान आहे: शिक्षण देण्यासाठी म्हणून येथे काहीच घडत नाही. काम घराच्या गरजेतून उभे राहते व शिक्षण त्याच्या मागून येते.

घरी शिकविणाऱ्या आजच्या पालकांच्या सहली या कसोटीला उतरतात काय? पुष्कळशा उतरत नाहीत, असे आमचे मत आहे. देवपूरहून पांझरा ओलांडून मुले धुळ्यात येतात, राजवाडे संशोधन मंडळातील जुनी दप्तरे काचेआडून पाहतात, दुसऱ्या दिवशी लळिंगचा किल्ला चढतात, वहीत चार ओळी लिहितात, छायाचित्रे काढतात, झाली सहल! पाहणे वाईट नव्हे. मात्र ज्या राजवाड्यांच्या स्मरणार्थ १९२७ साली ते मंडळ स्थापन झाले, त्यांनी कागद पाहिले नाहीत, गावोगाव हिंडून ते मिळविले. मुलाला मोडीतील एक ओळ स्वतः लावता आली, तर ती शंभर दप्तरे पाहण्यापेक्षा अधिक मोलाची.

उलट बाजूचे उदाहरणही आमच्या पांझरेकाठीच आहे. या नदीवर शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती ज्याने पाहिली नाही, त्याने खानदेश पाहिला नाही. बंधाऱ्याने पाणी अडवावयाचे, पाटाने ते शेतांवर न्यावयाचे, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडावयाचे, आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा निरनिराळ्या फडांत असल्यामुळे पाणी तुटले व एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर ती झळ एकट्यावर पडत नाही. पाणी वाटावयास पाटकरी, पीक राखावयास जागल्या. दोघेही शेतकऱ्यांनीच नेमलेले. १८८४ साली नोकरीत शिरलेल्या विश्वेश्वरय्यांसारख्या तरुण अभियंत्याच्या वाट्याला आरंभीच आले ते याच पांझरेच्या प्रवाहाखालून नळाने पाणी नेण्याचे काम. कोणा पालकाने आपल्या मुलास पाटकऱ्याच्या हाताखाली एक हंगाम ठेवले व दारे धरावयास लाविले, तर गणित, स्थापत्य आणि शेजारधर्म ही तिन्ही त्याला एकाच पाटावर शिकता येतील. पण एक हंगाम म्हणजे सहल नव्हे, आणि अडचण आहे ती येथेच.

ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या बाजूस कुरणशाळा चालविल्या, त्या आठवतात. तेथे मूल आधीच गुरांमागे रानात होते. शाळेला त्याच्या मागे जावे लागले. घरशाळेतील मुलाला मोटारीत बसवून रानात न्यावे लागते. हा भेद पैशाचा आहे, हे स्पष्ट बोललेले बरे.

आता या दाखल्याची दुसरी बाजू. 'देवाला सारी प्रिय' या रात्री मोळी पडलेल्या महार म्हातारीला हात देण्यास आई श्यामला पाठविते, पण आल्यावर स्नान करावयासही सांगते. ती थोर खरी; परंतु तिच्या थोरपणाला घराच्या भिंती होत्या, आणि गुरुजींनी प्रामाणिकपणे त्या लपविल्या नाहीत. त्या भिंतींपलीकडे श्याम गेला तो घर सोडून, परक्या गावी शाळेत, नाना तऱ्हेच्या मुलांत राहून. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून ज्याने उपोषण केले, तो केवळ आईचा श्याम नव्हता. छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडणारा अमळनेरचा मास्तरही त्याच्यात होता. या बेचाळीस रात्री श्याम सांगतो त्यासुद्धा आपल्या घरच्या ओटीवर नव्हे, आश्रमात, प्रार्थनेनंतर जमलेल्या मित्रांना व गावच्या लोकांना. म्हणजे पुस्तकाची मांडणीच घराबाहेरची आहे. घरशाळेचे पुरस्कर्ते नेमके हेच वाचीत नाहीत.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. घरी शिकविण्याविषयी तो मुग्ध आहे. त्या मौनाचा अर्थ वकील लावोत. आमचा प्रश्न या पालकांना इतकाच, की तुमच्या मुलाच्या पंक्तीला, पत्रावळ लावून, रोज कोण बसते? नातेवाईक, आणि आपल्यासारख्याच चार घरांतील मुले, एवढेच उत्तर असेल, तर पांझरेचा फड त्यांनी पाहिला काय नि न पाहिला काय. काही कुटुंबे मात्र मुलांना आठवड्यातून दोन दिवस वस्तीवरच्या मुलांबरोबर कामाला धाडतात असे आमच्या कानी आहे. त्यांनी आपल्या अनुभवाचे टिपण अवश्य प्रसिद्ध करावे. 'श्यामची आई'च्या पुढचे पुस्तक त्यातून निघण्याचा संभव आहे.