पाटी आणि शिळा

नीरा ओलांडून माउलींची पालखी लोणंदास येते आणि पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. ही जागा ओळखण्यास वारकऱ्यास पाटी लागली नाही. नावानेच ते काम केले. याउलट संरक्षित स्मारकापुढील निळी पाटी पाहावी. तीवर १९५८ चा कायदा असतो, शिक्षा असते. २०१० च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा १ लाख रुपयांवर गेली, तेही कळते. वास्तू कोणाची, हे मात्र कळत नाही. वाचक हा संभाव्य अपराधी, असे जणू तिने गृहीतच धरले आहे.

वीरगळाची रीत निराळी. खाली झुंज किंवा सोडवून आणावयाची गुरे, मध्ये वीरास नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. म्हणून नाव गेले, पण मरणाचे कारण पुष्कळदा राहिले. शिवाय शिळा शिवेवर उभी आहे की वेशीपाशी, हाही तिच्या मजकुराचाच भाग होय. देवळाच्या आवारात आणून टेकविलेला वीरगळ म्हणूनच निम्मा मुका होतो. ज्या पालखी महामार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी २०२१ साली झाली, त्यासारख्या कामात शिळा हलविण्यापूर्वी तिची मूळ जागा नकाशावर नोंदविणे हे नव्या पाट्या रोवण्याहून अधिक निकडीचे आहे.