छत्र आणि झोपडी : बेघर माणसाची दोन वाङ्मयीन रूपे

घर नसलेल्या माणसाविषयीच्या वाङ्मयाकडे मराठी समीक्षा बहुधा सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहत आली आहे. चित्रण किती अस्सल, दारिद्र्याचा प्रत्यय किती भेदक, एवढ्या प्रश्नांवर मूल्यमापन थांबते. बेघर माणूस म्हणजे नेमका कोण, हा मूळ प्रश्न मात्र सुटलेला आहे असे गृहीत धरले जाते. जयवंत दळवी यांची 'चक्र' (१९६३) आणि तमिळ लेखक करिच्चान कुंजू यांची 'पसित्त मानिडम्' (१९७८) या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या म्हणजे हे गृहीत डळमळू लागते.

'चक्र'मधील जग मुंबईच्या झोपडपट्टीचे आहे. अम्मा आणि तिचा मुलगा बेन्वा यांच्याभोवती दळवींनी भूक, वासना, रोग आणि हिंसा यांचा जो फेरा उभा केला आहे, त्याने त्या काळच्या मध्यमवर्गीय वाचकाला हादरविले. परंतु या फेऱ्यातही एक आधार शिल्लक राहतो. झोपडी कितीही मोडकी असली, तरी तिच्यात चूल आहे, नाते आहे, शेजार आहे. महानगराला या माणसांचे श्रम हवे असतात. नको असते ते त्यांचे वास्तव्य. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, तरी नोटीस देऊन त्यांना हटविण्यास मुभा ठेवली. 'चक्र'चे शोकात्म सूत्रही हेच आहे : येथे माणसाला जागा नाही, पण कामामुळे त्याला शहराशी जोडणारा एक धागा आहे.

कुंभकोणम् हे अगदी निराळ्या जातीचे शहर. कावेरीकाठच्या या देवळांच्या गावी बारा वर्षांनी महामहम् भरतो आणि लाखो यात्रेकरूंची सोय लागते. परक्याला आसरा देण्याची या प्रदेशाची परंपरा जुनी आहे, आणि तिच्यात तंजावरच्या मराठी राजांचा वाटा मोठा आहे. रामेश्वरच्या यात्रामार्गावरील छत्रे आपल्याकडून काढून घेऊ नयेत, म्हणून सरफोजीराजांनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिले. ब्राह्मणापासून पराया मानल्या गेलेल्या जातीपर्यंत प्रत्येक वाटसरूला तेथे अन्न मिळते, आजाऱ्याला औषध मिळते आणि बरा होईपर्यंत त्याला राहता येते, मेलेल्याचे अंत्यसंस्कार होतात, असे त्या पत्रात सांगितले आहे. हे औदार्य खोटे नव्हते. मात्र त्यात एक अट अध्याहृत होती : पाहुणा बरा व्हावा आणि पुढे जावा. जो बरा होत नाही आणि ज्याला पुढे जायला ठिकाण नाही, त्याचे काय, याचे उत्तर छत्राच्या कल्पनेत नव्हते.

हीच उणीव 'पसित्त मानिडम्'च्या मुळाशी आहे. करिच्चान कुंजू हे आर्. नारायणस्वामी यांचे टोपणनाव. ति. जानकीरामन्, एम्. व्ही. वेंकटराम् यांच्यासह कुंभकोणम्‌शी निगडित असलेल्या तमिळ लेखकांत त्यांची गणना होते. त्यांचा नायक गणेशन् चार दशकांनंतर बालपणीच्या गावी परततो तो कुष्ठरोगी होऊन. ज्या गावाने त्याचे देखणेपण पाहिले आणि ज्या समाजातील वडीलधाऱ्या पुरुषांनी त्याचा उपभोग घेतला, त्यांच्यातच आता त्याला उपचार शोधावे लागतात. तो परका नाही, म्हणून पाहुणा होऊ शकत नाही. रोगी आहे, म्हणून घरचा होऊ शकत नाही. त्याला गाव आहे, पण घर नाही. 'चक्र'मधील माणसे कोठे राहावे असे विचारतात. गणेशन्‌च्या कथेतून उमटणारा प्रश्न निराळा आहे : मला आपला कोण म्हणेल?

हा प्रश्न केवळ भावनेचा नव्हता. १८९८च्या कुष्ठरोगीविषयक कायद्याने भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचे साधन नसलेल्या रोग्याला पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार पोलिसांना दिला होता. रोग एकच, परंतु घर असलेला तो रुग्ण, घर नसलेला तो जणू आरोपी. संसदेने हा कायदा २०१६ साली रद्द केला. कादंबरी मात्र त्याच्या कितीतरी आधी देहाच्या भाषेत दाखविते की, रोगाने माणूस जेवढा झिजतो त्याहून अधिक तो दार बंद झाल्याने झिजतो.

कादंबरीच्या अखेरीविषयी शंका घेणे रास्त आहे. गणेशन्‌ला शांती मिळते ती आत्मसमर्पणात. सामाजिक अन्यायाचा प्रश्न अध्यात्मात विरघळवून टाकण्याचा हा मार्ग वाचकाला सोयीचा वाटू शकतो. देवळांच्या गावाला तर तो फारच सोयीचा. तथापि गणेशन्‌ने तत्पूर्वीच ब्राह्मणी नीतिकल्पनांचा त्याग केला आहे. म्हणून त्याच्या समर्पणात गावाला दिलेली क्षमा वाचता येत नाही. शांती त्याची आहे; गावाचा दोष गावापाशीच राहतो. दळवींच्या तटस्थ वास्तवदर्शनापेक्षा येथे कलात्मक धोका अधिक पत्करलेला आहे, आणि अखेर काहीशी सैल असूनही तो धोका सार्थ ठरतो.

२०११च्या जनगणनेने २८ फेब्रुवारीच्या रात्री रस्ते, पूल, फलाट आणि देवळांचे मंडप हिंडून देशातील सुमारे १७ लाख ७३ हजार बेघरांची नोंद केली. त्यांपैकी सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत होते. २००१ साली शहरांतील आकडा सुमारे ७ लाख ७८ हजार होता. छप्पर नाही एवढेच गणनेला मोजता येते. झोपडीही नसलेला आणि छत्रातही न मावणारा माणूस कोणाचा, हे मोजणे तिचे काम नव्हे. ते वाङ्मयाचे काम आहे. आणि वाङ्मयाने ते केले आहे की नाही, हे विचारणे समीक्षेचे.