‘मित्र’ बुरशीचे माहितीपत्रक

‘प्रतिकिलो बियाण्यास ४ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे.’ तूर-हरभऱ्याच्या मर रोगावरील बहुतेक माहितीपत्रकांत अशा अर्थाचे वाक्य असते. सल्ला योग्यच आहे. तक्रार आहे ती न सांगितलेल्या गोष्टींबद्दल. वाचणाऱ्याला ते आणखी एक औषध वाटते, आणि पाकिटावरचे ‘जैविक बुरशीनाशक’ हे शब्द त्या समजात भरच घालतात.

त्या भुकटीत बहुतांश शंखजिरे असते. काम करतात ते त्यातले जिवंत बीजाणू. नियमानुसार ते एका ग्रॅममध्ये किमान २० लाख हवेत. मर रोगाची फ्युजेरियम बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद पाडते. ती आत गेल्यावर ट्रायकोडर्माचा फारसा उपयोग नाही. त्याने मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधीच बळकावायला हवे. रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालून त्यांची भिंत विकरांनी विरघळवणे हे त्याचे दुसरे शस्त्र. वाइंडलिंग यांनी ट्रायकोडर्माची ही परजीवी वृत्ती १९३२ मध्ये दाखवून दिली. ‘पेरणीपूर्वी’ का, हे एवढ्यावरून कळते. पत्रकात मात्र नुसताच हुकूम असतो. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारते, हेही पुष्कळदा राहून जाते.

‘मित्र बुरशी’ हा शब्द गोड आहे, पण फसवा. पावसाळी सहलीत चिखलदऱ्याच्या जंगलात मुलांना कुजकी लाकडे आणि ओला पाचोळा दाखवा. ट्रायकोडर्माचे खरे घर असे असते. तिथे ते कोणाचे मित्र नसते, आपले पोट भरत असते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजवणारी बुरशी याच कुळातली होती. अळिंबीचे वाफे हिरवे पडून नासतात, तेही याच्याच भाऊबंदांमुळे. अळिंबी पिकवणारा त्याला मित्र कसा म्हणेल?

दमट पाचोळ्यातला हा जीव पाकिटात घालून आपण घाटाखाली, अकोल्या-अमरावतीच्या मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली ठेवतो. पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उष्णतेत बीजाणू झपाट्याने मरतात. मग जूनमध्ये शेतकरी पैसे मोजून शंखजिरेच बियाण्याला चोळतो, पीक मरते आणि दोष बुरशीवर जातो. ‘थंड जागी ठेवा’ हे वाक्य पत्रकात असलेच तर शेवटी, बारीक अक्षरांत.

शाळेत हे तपासता येईल. तीन बाटल्यांत थोडा भात घालून कुकरमध्ये शिजवा व झाकून थंड होऊ द्या. पहिलीत चिमूटभर भुकटी टाका. दुसरीत पाण्यात कालवून कुकरमध्ये २० मिनिटे तापवलेली भुकटी घाला. तिसरी तशीच ठेवा. झाकणे सैल बसवा, उघडून वास घेऊ नका आणि शेवटी सर्व उकळून फेका. पहिलीच बाटली आठवड्याभरात हिरवी झाली, तर पाकीट जिवंत आहे. चौथ्या बाटलीसाठी थोडी भुकटी मे महिन्यात पंधरा दिवस शाळेच्या पत्र्याखाली ठेवून पाहा.